आधी वरचं तोंड

गाडीच्या मागच्या दोन चाकांच्या मधे तेल असतं, हे मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. प्राथमिक शाळेवरची मास्तरीण मी. हजेरी, पाढे, खिचडीचे तांदूळ, एवढ्यात दिवस जायचा. मग शेजारचं बंद घर उघडलं, तात्या आणि सुभद्राकाकू कायमचे गावी राहायला आले, आणि मला नको असलेलं बरंच ज्ञान माझ्या पदरात पडलं.

तात्यांची उभी हयात परळीत राखेचे टिपर चालवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेली. थर्मलची, म्हणजे वीजकेंद्राची राख. ती वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसायची, ताटातल्या भातावर बसायची, असं काकू सांगायच्या. सिरसाळ्याजवळच्या आमच्या वाडीत परत आले तेव्हा तात्या तिथला खोकला सोबत घेऊनच आले. उंच, वाळलेला माणूस. अंगात बंडी, खाली पायजमा, आणि खांद्यावर काकूंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, हात पुसायला. बोलणं कमी, वास घेणं जास्त. काहीही हातात घेतलं की आधी नाकाजवळ न्यायचे. मी दिलेली पुरणपोळीसुद्धा. एकदा मी तडकून म्हटलं, "तात्या, विष नाही घातलं त्यात." तर म्हणाले, "सवय हाय बाई, मनावर घेऊ नका." आणि वास घेऊनच खाल्ली.

गाडी त्यांनी सिरसाळ्यातल्या एका पुढाऱ्याकडून घेतली, तेव्हा मी तिथं होते. माझं बँकेत काम होतं. तात्या म्हणाले, "चला बाई, येताना नव्या गाडीत येऊ." नवी कसली. चार इलेक्शनं पळून दमलेली, पांढरी, उंच, सात सीटची गाडी. पुढारी खुर्चीत बसलेला, चहा आलेला. तात्यांनी इंजिन बघितलं नाही, रंग बघितला नाही. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि मागच्या बाजूनं उताणे होऊन सरळ खाली शिरले. बाहेर आले तेव्हा करंगळीला काळं तेल. वास घेतला, दोन बोटांत चोळलं, उन्हात धरलं.

"चांदी हाय," म्हणाले.

"कसली चांदी?" पुढारी म्हणाला.

"लोखंडाची. आतले दात झिजायलेत. तेल बदललंच न्हाई हिचं कुणी. नुसती पळवलीय."

"घ्यायची का नाही तेवढं सांगा," पुढारी म्हणाला. चहा तसाच राहिला.

तात्यांनी घेतली. येताना मी विचारलं, खराब आहे हे कळूनही घेतली कावून? तात्यांचं घराणं मेंढरं-शेळ्या राखणारं, बाप बाजाराला जायचा. म्हणाले, "माझा बाप बाजारातनं रोडावलेलं जनावर घ्यायचा. म्हणायचा, धडधाकटाला कुणीबी नेतंय." आणि गाडीला ते पहिल्या दिवसापासून जनावरच म्हणाले. "जनावर सावलीत लावा." "जनावर आज कुरकुरतंय." मला हसू यायचं. नंतर मीही तसंच म्हणायला लागले.

आता ते तेलाचं. मागच्या चाकांच्या मधोमध खाली एक लोखंडी डेरा लोंबतो, त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनाची ताकद तिथं येते आणि दोन चाकांत वाटली जाते. आत दातेरी चाकं असतात, ती तेलात बुडून फिरतात. डेऱ्याला दोन नट. एक खाली बुडाशी, तेल सोडायला. एक वर पोटावर, तेल भरायला. आणि अगदी डोक्यावर करंगळीएवढी एक टोपी असते, आतली वाफ बाहेर जायला. तात्या तिला दमाची टोपी म्हणायचे. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं नाही. दरवर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मला ते जमिनीवर बसवून दाखवलं गेलंय, पातळ सांभाळत.

आदल्या दिवशी म्हणजे खांदमळणीला. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे त्या संध्याकाळी हळद-तुपानं मळायचे आणि कानाशी जाऊन त्यांना निमंत्रण द्यायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. वाडीतल्या प्रत्येक दावणीला हे चालायचं. तात्यांकडे बैल नव्हते, दोन शेळ्या होत्या आणि ही गाडी. ते म्हणायचे, "सगळा भार त्या डेऱ्यावर. त्योच हिचा खांदा." म्हणून खांदमळणीला डेऱ्याचं तेल बदलायचं. जॅक लावायचा, चाकांखाली दगड, दमाची टोपी रॉकेलात धुवायची, घमेलं सरकवायचं, नवं तेल भरायचं, आणि शेवटी डेऱ्याला हळदीचं बोट लावून आवतन द्यायचं. गावातली माणसं बांधावरून हसायची. तात्यांना त्याचं काही नव्हतं.

खालच्या नटाला आतून लोहचुंबक असतं. वर्षभर झिजलेल्या दातांचा कीस त्याला चिकटलेला असायचा. तो लुगड्याच्या तुकड्यावर पुसून मला दाखवायचे. "एवढं गेलं बघा यंदा." दरवर्षी थोडं कमी व्हायचं. मग खूश.

पण ह्या सगळ्यात एक शिस्त होती, आणि तिच्यापुढे तात्या देवालाही जुमानत नसत. आधी वरचं तोंड उघडायचं, मग खालचं. खालचं आधी सोडलं, सगळं तेल घमेल्यात आलं, आणि मग वरचा नट गंजून बसलेला निघाला, तर काय करणार? गाडी रिकामी, भरायला वाट नाही. जागची हलवता येत नाही. तरुणपणी परळीत त्यांनी एका टिपरचं नेमकं हेच केलं होतं. उस्तादानं सगळ्या शेडसमोर कानाखाली वाजवली आणि म्हणाला, "पैले उप्पर का, बाद में नीचे का. समज्या क्या बे?" हे सांगताना तात्या अजून गालावर हात ठेवायचे.

ती शिस्त त्यांनी अख्ख्या आयुष्याला लावली. मुलगा, प्रकाश, पुण्याला कंपनीत. त्यानं फोनवर सांगितलं, नोकरी सोडतोय. तात्या म्हणाले, "दुसरी लागली का? वरचं तोंड बघितलं न्हाई आन खालचं कावून सोडायलास?" माझी बदली होणार म्हणून मी सामान बांधायला घेतलं, तर भिंतीवरून आवाज, "बाई, तिकडं खोली बघितली का?" बघितली नव्हती. बदलीही झाली नाही. मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही, कारण माझी सगळी भांडी पोत्यात होती आणि तात्यांचं खरं झालं होतं.

मग काकूंच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, सकाळी सातला अंबाजोगाईत दवाखान्यात हजर राहायचं. रक्त बाहेर काढून, मशिनीतून स्वच्छ करून, परत अंगात. चार तास. तात्यांनी गाडीची मधली सीट काढली, गादी टाकली, उशाला तक्क्या बांधला. बुधवार आणि शनिवार म्हणजे आमच्याकडे नुसते 'वार' झाले. "आज वार हाय," म्हटलं की झालं.

पहिल्या दिवशी मी सोबत होते. मशिनीवरची मुलगी काकूंच्या हाताला नळ्या लावत होती. तात्या मागं उभे, हात खांद्यावरच्या फडक्यात. म्हणाले, "ताई, एक इचारू? भरायची नळी कुठली?"

तिनं निळी नळी दाखवली.

"ती आधी लावून बघितली का? चालतीय?"

"हो काका."

"मग सोडा रगत."

ती पोरगी हसली. पण पुढच्या खेपेपासून काकूंना लावताना ती स्वतःहून सांगायची, काका, निळी बघितली हं. तात्या मान हलवायचे. चार तास स्टुलावरून उठायचे नाहीत. वर्षभरानं काकूंच्या हातातली शीर बंद पडली, तेव्हा डॉक्टरांनी मानेत नळी बसवली. त्या दिवशी तात्यांचा चेहरा मला बघवला नाही.

आणि ह्याच काळात ते रोज सकाळी भिंतीपाशी येऊन मला विचारायला लागले, "बाई, आज वार कोणता?" मी भाकरी थापत असायची. "सोमवार." अर्ध्या तासानं पुन्हा. "बाई, वार कोणता?" मी एकदा सरळ झापलं, "तात्या, सोमवार. काल रविवार होता म्हणून आज सोमवार. दुसरीतल्या पोरांना कळतं." दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी खडूचे चार तुकडे आणून दिले, म्हटलं, भिंतीवर लिहीत चला. त्यांनी ते खिशात ठेवले. ओसरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात बुध आणि शनि लिहिलं. बाकीचे वार लिहिलेच नाहीत.

मला वाटत होतं म्हातारपणाचा चाळा आहे. पुढं एका शनिवारी ती दोघं दोन तास उशिरा पोचली, आणि दोन दिवसांनी काकूंनी मला आत बोलावून दार लोटलं.

"बाई, ह्येनी परवा परळीला नेलतं मला."

"परळीला कशाला?"

"राखेच्या शेडपाशी. गाडी लावली आन उतराया लागले. म्हणले, कामाची पाळी सुरू व्हायची येळ झाली." काकू अगदी हळू बोलत होत्या. "मी म्हणलं, आज सुट्टी हाय तुमची, अंबाजोगाईला जायचंय. मग आलो. आता मी मागनं सांगत जाते. इकडं वळा, तिकडं वळा. हात त्येंचे चांगले हायत बाई, गाडी सोन्यासारखी चालवत्यात. नुसतं कुणीकडं जायचं ते मी सांगायचं."

मी म्हटलं, प्रकाशला कळवते. काकूंनी माझा हात धरला. सुजलेली, गार बोटं.

"पोरगं चावी काढून घील. मग मला वाराला कोण नील?"

त्यांनी मला शपथ घातली आणि मी ती पाळली. बरोबर केलं का चूक, मला आजही सांगता येत नाही. रात्रंदिवस भीती वाटायची एवढं खरं.

त्या साली पोळा बुधवारी आला. आधीच्या आठवड्यात सलग पाऊस, आमच्या ओढ्याला पूर. सिरसाळ्याला जायला त्या ओढ्यावरून एकच वाट, सिमेंटच्या नळ्यांवर बांधलेला बुटका पूल. शनिवारी सकाळी तात्यांनी काकूंना घालून गाडी पाण्यात घातली. पुलाच्या मधे पाणी डेऱ्याच्या वर आलं, गाडी सरकायला लागली. काकू मागून ओरडल्या तेव्हा ते मागं आले. वार चुकला.

तीन दिवसांत काकूंचं तोंड ओळखू येईना. पाय टम्म, तीन उशा लावून बसल्याशिवाय श्वास नाही. दवाखान्यात फोन केला तर सांगितलं, पाणी उतरलं की लगेच घेऊन या, बुधवार अजिबात चुकवू नका. मंगळवारी पाणी गुडघ्याएवढं उतरलं, पण पुलाची एक कड वाहून गेली होती. उंच गाडीशिवाय जाणं नाही, अँब्युलन्सवालाही नको म्हणाला. दुसरी उंच गाडी ऊसतोडीच्या मुकादमाची, तो गाडी घेऊन कर्नाटकात गेलेला. ट्रॅक्टर होते, पण ट्रॉलीच्या धक्क्यात मानेतली नळी हलली तर रक्त थांबायचं नाही, असं बजावून ठेवलेलं. म्हणजे तात्या आणि ते जनावर, एवढाच आधार.

मंगळवारी खांदमळणी. अर्ध्या दिवसाची शाळा करून मी तीनच्या सुमारास घरी आले. तात्यांची गाडी जॅकवर, खालून दोन पाय बाहेर. घमेलं तेलानं भरलेलं. दरवर्षी तेल काळं असायचं, ह्या वेळी चहासारखं दुधाळ. शनिवारचं पाणी डेऱ्यात शिरलं होतं. त्या तेलावर अंबाजोगाई गाठली नसती, म्हणजे बदलायला घेतलं ह्यात काही चुकलं नव्हतं.

पाना घसरल्याचा आवाज आला. पुन्हा घसरला. पुन्हा. मग तात्या बाहेर आले. बोटं सोललेली.

"बाई, वरचा नट खुलंना."

मी घमेल्याकडे बघितलं.

"तात्या, खालचं आधी सोडलंत?"

त्यांनी घमेल्याकडे बघितलं. मग मला विचारलं, "कुणी सोडलं हे तेल?"

खरं सांगते, त्या वेळी मी त्या माणसाला जवळ घ्यायला हवं होतं. मी केलं ते उलटं. माझा तोल गेला. "तुम्हीच सोडलंत. दुसरं कोण सोडणार? अख्ख्या वाडीला अक्कल शिकवत फिरलात, वरचं तोंड, वरचं तोंड, आणि आज, आजच्या दिवशी हे करून ठेवलंत. उद्या काकूंना काय खांद्यावर नेणार?" त्यांचा हात आपोआप गालावर गेला, उस्तादानं मारलेल्या. तो हात मला अजून दिसतो, आणि मी स्वतःला माफ केलेलं नाही.

पुढचा तासभर ते खाली होते. नटाचे कोपरे झिजून तो गोल झालेला. पान्यात पाईप घालून जोर लावला. छिन्नी लावून हातोड्यानं मारला. गरम पाण्याची फडकी गुंडाळली. मी सिरसाळ्याच्या मेस्त्रीला फोन लावला, तो पोळ्यासाठी त्याच्या गावी गेलेला, परवा बघू म्हणाला. दुसऱ्याला लावला, तो उचलेना. आजूबाजूच्या गोठ्यांतून घुंगरं वाजायला लागली होती, बैल धुऊन येत होते.

तात्या बाहेर आले आणि चाकाला टेकून बसले. लुगड्याचा तुकडा तोंडावर धरला. आवाज काहीच नाही, नुसते खांदे हलत होते. मग फडक्याआडून म्हणाले, "मारली मी तिला. माझ्या हातानं मारली." मी तिथंच उभी. मलाही रडू फुटलं. साठ-सत्तर घरांची वाडी, सगळी सणात, आणि आम्ही दोघं त्या रिकाम्या गाडीपाशी.

"काय झालंय?" आतून काकूंचा आवाज. "बाई, खरं सांगा."

मी सांगितलं. सगळं. आता लपवून काय उपयोग होता?

थोड्या वेळानं काकू भिंत धरधरून उंबऱ्यापर्यंत आल्या. दोन पावलं, थांबायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा दोन पावलं. उंबऱ्यावर बसल्या आणि दम येईपर्यंत नुसत्या नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"आवो. हिकडं बगा. माझ्या हातातली शीर बंद पडली तव्हा डाक्तर काय म्हणला? आता वाट न्हाई, घरी न्या म्हणला का?"

तात्यांनी मान हलवली. नाही.

"मानेतनं घातली का न्हाई नळी? मग तुमच्या जनावराला दुसरं भोक न्हाई?"

"न्हाई. दोनच तोंडं."

"मग दर साली रॉकेलात काय धुता?"

तात्या काकूंकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडावर काहीतरी हळूहळू येत होतं, विसरलेलं नाव आठवतं तसं.

"दमाची टोपी," ते म्हणाले.

"मग तिथनं पाजा."

त्यानंतर तात्या वेगळेच झाले. हातांना सगळं येत होतं, नुसतं कुठं ते कुणीतरी सांगायला हवं होतं. खालचा नट पुसून घट्ट बसवला. टोपी काढली. भोक एवढंसं, करंगळी जाणार नाही. मी मळ्यातून ठिबकची बारीक नळी कापून आणली. शेळ्यांना औषध पाजायची मोठी सिरिंज घरात होतीच. गार तेल मधासारखं घट्ट, नळीतून सरकेना, म्हणून मी चुलीवर पाणी ठेवून तेलाचा डबा त्यात उभा केला. नेहमी वरच्या नटातून तेल ओघळलं की डेरा भरला असं समजायचं. आता ते कळायला मार्ग नव्हता. तात्या म्हणाले, जेवढं निघालं तेवढंच घालायचं, कमी न्हाई, जास्त न्हाई. निघालेलं तेल सिरिंजेनं मोजलं. चाळीस भरल्या.

"मोजायचं मला जमायचं न्हाई," तात्या खालून म्हणाले. एवढं सरळ त्यांनी पूर्वी कधी कबूल केलं नव्हतं.

"मी मोजते," काकू म्हणाल्या. त्यांनी तात्यांच्या बंडीच्या खिशातला खडू मागून घेतला आणि उंबऱ्याशेजारच्या भिंतीवर एकेक रेघ ओढायला लागल्या. मी सिरिंज भरून द्यायची, तात्या आत ढकलायचे, "गेली" म्हणायचे, काकू रेघ मारायच्या. सात झाल्या. बारा झाल्या. एकदा नळी निसटून तेल तात्यांच्या डोळ्यांत गेलं, तसेच पुसून पुढं. एकोणिसाव्याला तात्यांनी विचारलं, "आज वार कोणता?" काकू म्हणाल्या, "मंगळवार. उद्या माझा वार. ढकला." तेहेतिसाव्याला काकूंना धाप लागली, खडू हातातून पडला. मी धावले. त्या मानेनंच भिंतीकडे खुणावत होत्या, रेघ मारा. मी मारली. चाळिसावी झाली तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती.

तात्यांनी टोपी बसवली, गाडी खाली घेतली, हळदीचं बोट डेऱ्याला लावलं. "आज आवतन घे," ते म्हणाले आणि अडले. मला वाटलं पुढचं विसरले. विसरले नव्हते. "उद्या हिला घिऊन चल," ते म्हणाले. "जेवाय मागनं घालतो."

पोळ्याच्या सकाळी मी पुढं बसले, काकू मागं गादीवर. पूल आला. पाणी चाकांना लागलं तेव्हा तात्यांचे हात स्टेअरिंगवर अगदी शांत होते. पलीकडे निघालो. फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि वाट बघत राहिले. मागून बारीक आवाज आला, "डाव्या अंगाला." गाडी वळली. डेऱ्यातून आवाज नाही, घरघर नाही. पावणेआठला पोचलो. उशीर झाला म्हणून सिस्टर चिडल्या, काकूंचे पाय बघून गप्प झाल्या. मशिनीवरच्या मुलीनं सांगितलं, "काका, निळी बघितली हं." तात्या स्टुलावर बसले. मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसले आणि पोटभर रडले.

सण झाल्यावर मेस्त्रीनं तो गोल झालेला नट वेल्डिंग करून काढला, नवा बसवला. पुढं काकूंनी एकही वार चुकवला नाही. दिवाळी केली, माझ्या हातच्या करंज्या खाऊन नावं ठेवली. मार्गशीर्षात एका रविवारी, वार नसताना, झोपेतच गेल्या.

प्रकाश आला. चांगला मुलगा आहे, मला काही बोलला नाही. बाराव्या-तेराव्यानंतर तात्यांना पुण्याला न्यायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी तो आत सामान बांधत होता. मी डबा घेऊन गेले, तर अंगणात गाडीचं मागचं दार उघडं. गादी झटकून घातलेली, तक्क्या नीट बांधलेला. तात्या पुढं स्टेअरिंगवर, धुतलेली बंडी, खांद्यावर फडकं. मला बघून म्हणाले,

"बाई, हिला हाक मारा. उशीर व्हायलाय."

मी दाराला धरून उभी राहिले. काय सांगू? एकदा सांगून झालं होतं. दोनदा सांगून झालं होतं. प्रत्येक वेळी त्यांना ते नव्यानंच कळायचं आणि ते जमिनीवर बसायचे.

"आज वार कोणता?" त्यांनी विचारलं.

बुधवार होता. इतके दिवस रोज, कधी चिडून, कधी झापून, पण मी त्यांना खरा वार सांगत आले होते.

"मंगळवार," मी म्हणाले.

"मंगळवार?" त्यांचा सगळा जीव खाली बसला. "मग हाय की येळ. मला वाटलं चुकला आज." ते उतरले, मागचं दार हळू लावलं. मग गाडीभोवती एक चक्कर मारली, हत्यारांच्या पेटीतून पाना काढला, त्याचा वास घेतला, आणि मागच्या बाजूनं उताणे होऊन खाली शिरले. प्रकाश पिशवी घेऊन ओसरीवर आला होता, मी त्याला हातानं थांबवलं. खालून नुसते दोन पाय दिसत होते, आणि पान्याचा आवाज, सावकाश.

"बाई," ते खालून म्हणाले, "आधी वरचं तोंड. ध्यानात ठिवा."

"ठेवते तात्या," मी म्हणाले.